चार वाजताची खारी

हे लिहिणार नव्हतो. तीनदा मोबाईलवर टाइप केलं आणि तीनदा पुसलं. एकदा तर नुसतं ‘भरतेश’ एवढंच लिहून बसून राहिलो आणि भट्टीतले टोस्ट काळे झाले. मी काही लेखक नाही. बारावीनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. जे येतं ते भट्टीपुढं उभं राहून आणि व्हिडिओ बघून शिकलोय. आत्तासुद्धा ट्रे आत सरकवला की जी दहा-बारा मिनिटं मिळतात त्यात लिहितोय. मध्येच कुठं तुटलं तर समजा, ट्रे काढायला गेलो असेन.

न लिहिण्याचं खरं कारण वेगळंय. ही गोष्ट ज्याला ज्याला सांगितली तो हसला आणि म्हणाला, वा तौफिक, भारी केलंस. मी भारी काही केलेलं नाही.

तर सहा वर्षांपूर्वीची संक्रांत. ती होऊन चार-पाच दिवस झालेले, सोमवार होता. चारच्या ठोक्याला भरतेश मगदूम लेकीला घेऊन बेकरीत आला. रोजच यायचा. त्याचं पाइप-फिटिंगचं दुकान माझ्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडं. चारला मालाचा टेम्पो लागायचा आणि चैतू एकदा त्या टेम्पोच्या चाकापुढंच धावली होती. तेव्हापासून टेम्पो रिकामा होईपर्यंत अर्धा तास तिनं माझ्या काउंटरच्या आत बसायचं, हे ठरून गेलेलं. मी बरणीत हात घातला तसा भरतेशनं माझं मनगट धरलं.

“आजपासून हिला खारी नाही.”

मला वाटलं खोकला-बिकला झाला असेल. तर म्हणाला, नाही, कायमची बंद. गहू बंद, दूध बंद. आणि हे सांगताना त्याच्या तोंडावर असं काही तेज होतं की मला पुढं विचारवलंच नाही. चैतू माझ्या हाताकडं बघत होती. बरणीतला हात मी रिकामाच बाहेर काढला.

चैतू म्हणजे चैताली. तेव्हा पाच वर्षांची. ऑटिझम आहे हे साडेतीनला कळलं. त्याआधी सगळे म्हणायचे, मगदुमांच्यात पोरं उशिराच बोलतात, भरतेशही तीनला बोलला. ती बोलत नव्हती. हाक मारली तर वळायची नाही, पण दोन गल्ल्या पलीकडं कुणी फुगा घासला तरी कान झाकायची. आणि खायचं म्हणाल तर जगात चारच गोष्टी खायची. केळं, गार दूध, पोळीच्या कडा आणि माझी खारी. त्यातल्या तीन एका सोमवारी बंद झाल्या.

आता मगदुमांच्या घरात माझी खारी कशी गेली तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ते जैन. आमच्या जयसिंगपुरात जैन घरं भरपूर. माझ्या वडलांनी बेकरी काढली तेव्हा ती लांबूनच बघत होती. बेकरी म्हटली की अंडं आलं, आणि त्यात आम्ही नदाफ, मुसलमान. भरतेश माझ्या वर्गातला. आठवीत होतो आम्ही. एकटाच आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, “खारीत अंडं नाही ना?” मी म्हटलं, नाही. त्यानं तिथंच उभ्यानं एक खाल्ली, दुसरी आईसाठी कागदात बांधून नेली आणि पुढं कित्येक वर्षं पुन्हा कधी विचारलं नाही. त्याच्या मागनं अख्खी गल्ली आली. आम्ही अजूनही अंड्याचं काम फक्त गुरुवारी करतो, ट्रे वेगळे, ब्रश वेगळा. कुणी बघायला येत नाही. माझ्या शब्दावर खातात.

गहू बंद करायला सांगणारा माणूस भरतेशला मोबाईलवर भेटला होता. ‘उमेद पालक परिवार’ म्हणून ग्रुप, सात-आठशे आईबाप, आणि मध्ये एक राजवर्धन सर. डॉक्टर नव्हते. स्वतःला आहार-मार्गदर्शक म्हणायचे. आधी गहू-दूध थांबवायचं, मग त्यांचे थेंब, मग उंटिणीच्या दुधाची पावडर, असं पायरीपायरीनं चढायचं. रोज सकाळी कुणाच्या तरी पोराचा व्हिडिओ यायचा आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागायची. भरतेश मला ते दाखवायचा. दोन वर्षं हा माणूस हसला नव्हता हो. दुकानात गिऱ्हाइकाला एल्बो मोजून देतानासुद्धा तोंड असं, की जणू त्याचंच काही हरवलंय. तो त्या व्हिडिओंना हसायला लागला. मी काय बोलणार.

त्रिशला, त्याची बायको, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. ती घरी पोचायची साडेपाचला. तिला हे पटलं होतं की नाही, तेव्हा मला माहीत नव्हतं. एवढं दिसायचं की रविवारी ती गिरणीत नाचणी घेऊन उभी असायची आणि गिरणीवाल्याला म्हणायची, आधी जातं झाडून घ्या, गव्हाचा कण नको.

पहिले दोन दिवस चैतू बरणीसमोर उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. नुसतं काचेला कपाळ लावून उभी. अर्धा तास. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिनं माझा हात धरला, बरणीवर नेऊन ठेवला आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. माझ्या तोंडाकडं ती बघायचीच नाही, तिच्या लेखी तौफिक म्हणजे एक हात. फ्रॉकच्या बाहीतनं तिचा दंड दिसत होता. माझ्या लाटण्याची मूठ जाड असेल त्याच्यापेक्षा.

समोर टेम्पो लागलेला. भरतेशची पाठ होती इकडं.

मी दिली.

अख्खी देता येईना. खारीचे पदर असे सुटतात की खाणाऱ्याच्या अंगभर पुरावा राहतो. म्हणून काउंटरच्या खाली बसलो, तिला समोर बसवलं आणि नखाएवढा नखाएवढा तुकडा मोडून हातावर ठेवायला लागलो. आमचा एक जुना खेळ होता. खारी द्यायच्या आधी मी ती तिच्या कानाशी नेऊन मोडायचो. कर्रर. फुग्यानं कान झाकणारी पोरगी त्या आवाजाला खांदे वर करून हसायची. पूर्वी तो खेळ एकदाच व्हायचा, कारण खारी एकच. आता पंचवीस तुकडे, म्हणजे पंचवीस वेळा कानाशी, पंचवीस वेळा कर्रर.

आणि एक गोष्ट मी भरतेशकडूनच ऐकली होती. चैतू शनिवारी सांगलीला हिरेमठ मॅडमकडं जायची, बोलायला शिकवतात त्या. त्यांनी भरतेशला सांगितलेलं, मागितल्या मागितल्या हातात देऊ नका. थांबा. मनात दहा मोजा. तिला काहीतरी करायला जागा ठेवा. भरतेशला ते जमायचं नाही. त्याचा धीर तीनलाच गळायचा आणि तो देऊन टाकायचा. मला जमलं, कारण मला नाहीतरी डोकं वर काढून टेम्पोकडं बघायचं असायचं. तुकडा कानाशी धरायचा, वर बघायचं, दहा मोजायचे, मग मोडायचा. शिकवायचं म्हणून नव्हे. चोरी म्हणून.

मग फ्रॉक झटकायचा, तोंड पुसायचं, केळं हातात द्यायचं. भरतेश यायचा तेव्हा ती केळं खात असायची.

फेब्रुवारी निम्मा झाला आणि भरतेश म्हणाला, “तौफ्या, फरक आहे.”

म्हणाला, हाक मारली की दहातनं दोनदा वळतीय. बोट दाखवायला लागलीय. आणि बघ की मर्दा, गहू नाही, दूध नाही, तरी वजन घटलं नाही, सर म्हणालेच होते, अंग आपोआप स्वीकारतं. मी त्या वेळी बटरच्या पुड्या बांधत होतो. पुडीला दोऱ्याच्या तीन गाठी मारल्या. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मग त्यानं चैतूचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला, ‘दिवस चाळिसावा’ लिहून, आणि अडीचशे लोकांनी हात जोडले. तेव्हाही सांगायला पाहिजे होतं. खरं सांगू का, मला दोन गोष्टींची भीती होती. एक, तो मैत्री तोडून टाकेल. दुसरी, तो पुन्हा हसायचा थांबेल. दुसरी जास्त होती असं मी स्वतःला सांगायचो.

मार्चच्या सुरुवातीला, कुठला वार ते आठवत नाही, मी तुकडा कानाशी धरून वर बघत होतो. सात-आठ झाले असतील. खालनं आवाज आला.

“कर्र.”

मला वाटलं हातातली खारी मोडली. बघितलं तर तुकडा अख्खा. चैतू माझ्या बोटांकडं बघत होती. मी मोडला, दिला. दुसरा धरला. दहा मोजलेच नाहीत, श्वासच धरून बसलो. ‘कर्र.’ त्या दिवशी तिनं ते एकोणीस वेळा म्हटलं. तिचा पहिला शब्द. आई नाही, पप्पा नाही, पाणी नाही. बेकरीच्या काउंटरखाली, पिठाच्या डब्याला टेकून. आणि मला ते जगात कुणालाही सांगता येत नव्हतं. हिच्या आईबापालासुद्धा.

पंधरा दिवसांनी, सोमवारी, भरतेश चारच्या आधीच आला. एकटा. डोळे लाल. मला वाटलं घरात कुणी गेलं.

बाकड्यावर बसला. म्हणाला, काल सकाळी दारात चपला घालत होतो. मोबाईलवर सरांचा मेसेज होता, येत्या रविवारी बंगळूरला शिबिर आहे, एका हॉटेलात. पोरांच्या अंगात शिसं-पारा अशा जड धातूंचं विष साठलेलं असतं, ते ड्रिप लावून उतरवतात. शेवटची पायरी. नाव घालू का नको, घालू का नको, असं करत मी मोबाईलकडं बघत उभा होतो.

“आणि चैतू आली, तौफ्या. माझं बोट धरलं. असं ओढून कानाला लावलं आणि म्हणाली, कर.”

मी फडकं घेऊन काउंटर पुसायला लागलो.

“कर म्हणाली. मला. दोनदा. बाप विचारात पडलाय आणि लेक म्हणते, कर. यापेक्षा आणि काय पाहिजे सांग.” त्यानं बाहीनं डोळे पुसले. “नाव घातलं मी.”

त्यानं बोट कानाला कसं लावलं ते करूनही दाखवलं. अंगठा आणि पहिलं बोट जुळवलेलं, मध्ये काहीतरी धरल्यासारखं. मग म्हणाला, शनिवारचं हिरेमठ मॅडमचं आता बंद करतोय. सर म्हणालेत, आत विष ठेवून वरनं शिकवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान कामगारावर सोडून मी सांगलीला गेलो. हिरेमठ मॅडमना कधी बघितलं नव्हतं. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला, टेबलावर लाकडी बैल आणि साबणाच्या फुग्यांची बाटली. मी आधी विचारलं, ड्रिपनं काय होतं. म्हणाल्या, ते औषध खरं आहे, पण रक्तात शिसं-बिसं खरोखर वाढलेलं तपासणीत निघालं तर डॉक्टर देतात, दवाखान्यात, देखरेखीखाली. ऑटिझमसाठी त्याचा उपयोग होतो असं कुणी दाखवलेलं नाही. चुकलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि हृदय थांबतं. परदेशात यात मूल दगावलंय. हॉटेलात लावतात म्हणालात?

मग गव्हाचं विचारलं. म्हणाल्या, यावर अभ्यास झालेत, पण लहान लहान. आईबापांना माहीत असतं की आपण गहू बंद केलाय, तेव्हा त्यांना फरक दिसतो. जिथं डब्यात गहू आहे की नाही हे आईबापांपासून आणि तपासणाऱ्यांपासूनही लपवून ठेवलं, तिथं तो फरक दिसला नाही. खोटं बोलत नसतात हो कुणी. डोळ्यांत तेल घालून वाट बघणाऱ्याला दिसतंच.

तेव्हा मी सांगितलं. काउंटर, तुकडे, दहा मोजणं, कर्र. सगळं. सांगताना मला थोडं हसू आलं. वाटलं, त्याही हसतील.

“हसू नका,” त्या म्हणाल्या. “तिला गव्हाचा खरंच त्रास असता तर? काही मुलांना असतो. आतडं खराब होतं. तिची आई डॉक्टरला सांगत बसली असती, घरात गव्हाचा कण नाही, आणि डॉक्टर भलतंच शोधत राहिले असते.”

माझं तोंड उतरलं.

मी विचारलं, पण मग मी दाखवलंच ना, की त्या पथ्यानं काही झालं नाही? खारी खाऊनच बोलली ती. त्या म्हणाल्या, एका मुलीवरून ना त्यांचं सिद्ध होतं, ना तुमचं. मूल वाढतही असतं, बालवाडी आहे, घरात आई आहे, शनिवारी मी आहे. तुमच्या दहा मोजण्यानं मदत झाली असेल. असेल म्हणते. पण रविवारच्या आत तिच्या वडलांना हे कळलंच पाहिजे, कारण ते पथ्य लागू पडलं समजून पुढची पायरी चढतायत. ड्रिपचं मी आजच फोन करून सांगते. खारीचं तुम्ही सांगा. ते माझ्या तोंडून गेलं तर तुमची मैत्री गेलीच म्हणून समजा.

बुधवारी सांगायचं ठरवलं, झालं नाही. गुरुवार अंड्याचा, गडबड असते, म्हणून नाही. शुक्रवारी भरतेश आला तो चिडूनच. हिरेमठ बाईंचा मंगळवारपासून तिसरा फोन आला म्हणे, घाबरवतात, आपलं गिऱ्हाईक जाईल म्हणून. शनिवारी दुपारी निघायचं, गाडी ठरलीय. मी म्हटलं, भरतेश, आज टेम्पो पोरं उतरवतील. तू दहा मिनिटं आत बस. काउंटरच्या आत, त्या पोत्यावर. काही बोलू नको, नुसतं बघ.

तो बसला. त्याला वाटलं, प्रवासासाठी चैतूला काही देणार असेन.

मी बरणी उघडली. चैतू तिच्या जागेवर जाऊन बसली, डब्याला टेकून, मांडी घालून, रोजच्यासारखी. त्या बसण्यावरूनच त्याला कळलं असावं, कारण तो अर्धा उठला. मी तुकडा मोडला, अंगठा आणि पहिल्या बोटात धरला आणि तिच्या कानाशी नेला. थांबलो.

“कर्र,” चैतू म्हणाली.

मी मोडला. ती हसली, खांदे वर करून. तुकडा खाल्ला आणि दुसऱ्यासाठी कान पुढं केला.

भरतेश तिच्याकडं बघत होता. मग त्याचा हात आपोआप वर आला, त्याच्या स्वतःच्या कानापर्यंत, जुळवलेली बोटं. तिथंच थांबला.

“कधीपासनं?”

“बंद केलास त्याच्या चौथ्या दिवसापासनं.”

“रोज?”

“रविवार सोडून.”

“म्हणजे गहू बंद झालाच नाही.”

“नाही.”

“आणि ती कर म्हणाली नाही.”

“खारी मागत होती रे तुझ्याकडं.”

ओरडला असता तर मी तयार होतो. हात उचलला असता तरी तयार होतो. तो उठला, चैतूचा फ्रॉक झटकला. मी झटकायचो तसाच, आधी पुढनं मग मांडीवरचं. तिला कडेवर घेतलं. दारात थांबला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

“अंड्याचंही असंच असेल मग.”

आणि रस्ता ओलांडून गेला. त्याच्या खांद्यावरनं चैतू माझ्याकडं नाही, माझ्या हाताकडं बघत होती. हातात अर्धी खारी होती.

शनिवारी त्याचं शटर बंद. मी संध्याकाळपर्यंत पाच वेळा रस्त्यावर येऊन बघितलं. हिरेमठ मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या मलाही उचलत नाहीत. रविवारी सकाळी भट्टी लावली आणि पहिली लादी जळाली, दुसरी कच्ची राहिली. अम्मी म्हणाली, लक्ष कुठंय. साडेनऊला शटरचा आवाज आला. समोर भरतेश उंबऱ्यावर पाणी मारत होता. आत पाइपच्या ढिगावर चैतू बसलेली.

गेले नव्हते. मी मैद्याच्या पोत्यावर बसलो, मग उठून उगाचच हात धुतले, दोनदा.

पण तो आला नाही. चारला चैतू पाइपवर बसायची, कमरेला ओढणी बांधून एक टोक खुर्चीला. ते बघवत नव्हतं. दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात त्रिशला आली, शाळेतनं परस्पर, खांद्याला पर्स, हातावर खडू. बसा म्हटलं तर बसली नाही.

म्हणाली, आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, गव्हाचा त्रास आहे का बघायला रक्त तपासू, पण ती तपासणी खरी यायला पोटात गहू जात असायला हवा. किती जात होता ते सांगा. तर तौफिकभाऊ, ते तुम्हीच सांगायचं. नीट सांगा.

मी सांगितलं. रोज एक, कधी दीड. कुठल्या तारखेपासून, कुठले दिवस नाही. तिनं वहीत लिहून घेतलं. शिक्षिकेचं अक्षर, सरळ. लिहिता लिहिता थांबली.

“दोन महिने मी पहाटे उठून वेगळ्या तव्यावर नाचणी थापली,” ती म्हणाली. “मला पटलं नव्हतं तरी. ती थुंकायची, मी परत भरवायची. माझ्या हातचं थुंकते म्हणून मी मोरीत जाऊन रडलेय. आणि चारला ती इथं पोट भरत होती.”

मी म्हटलं, वहिनी, चुकलं.

“तुम्ही तिला उपाशी ठेवलं नाही, त्याबद्दल मला बरं वाटतं. पण मला का नाही सांगितलं? मी तुमच्या बाजूची निघाले असते.”

हे मला सुचलंच नव्हतं.

जाताना तिनं पाव किलो खारी मागितली. मी बांधली. गाठ मारताना तिनं विचारलं, तो आवाज कसा करता हो? मी एक मोडून दाखवली, कानाशी. ती तशीच उभी राहिली थोडा वेळ, खडूचा हात कानाजवळ धरून.

तपासणीत गव्हाचा त्रास निघाला नाही. डी जीवनसत्त्व मात्र कमी निघालं, त्याची पुडी डॉक्टरांनी दिली, आठवड्यातनं एक. ती चैतूनं केळ्यात घातली तर खाल्ली. त्यानं बोलणं-बिलणं आलं नाही, यायचं नव्हतंच, ते हाडांसाठी होतं. दूध परत सुरू झालं. हिरेमठ मॅडमचा शनिवारही परत सुरू झाला. हे सगळं मला त्रिशलाकडून, पाव किलोच्या पुडीबरोबर, थोडं थोडं कळत होतं.

आणि मग एप्रिलमध्ये, महावीर जयंतीची मिरवणूक होऊन गेल्यावर, एका बुधवारी चारला भरतेश रस्ता ओलांडताना दिसला. चैतूचं बोट धरलेलं. मी भट्टीचं दार उघडं टाकून बाहेर आलो. तो दारात उभा राहिला. आत आला नाही. आठवीतल्यासारखा, उंबऱ्याच्या बाहेर.

“खारीत अंडं नाही ना?” त्यानं विचारलं.

“नाही.”

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मनात मोजत असावा, कारण बरोबर दहाएक झाल्यावर आत आला.

बाकड्यावर बसला. मग म्हणाला, ग्रुप सोडला मी. सोडताना लिहिलं होतं, की माझी मुलगी गहू खातच होती. पाच मिनिटांत पुसलं त्यांनी. आणि म्हणाला, त्या रविवारी मी तुझ्यामुळं थांबलो, हे मला माहितीय. पण राग गेलेला नाही, सांगून ठेवतो.

मी म्हटलं, असू दे की.

“मी मूर्ख असेन, तौफ्या. चुकीच्या माणसाचं ऐकत असेन. तरी तिच्या पोटात काय जातंय ते मला कळलं पाहिजे. विष असो नाहीतर अमृत असो. तोंडावर भांड माझ्याशी, शिव्या घाल. पण मागनं नको.”

चैतूला आमच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती बरणीपाशी गेली, कपाळ काचेला लावलं, मग वळून आली आणि पहिल्यांदाच माझा नाही, बापाचा हात धरला. बरणीवर नेऊन ठेवला.

“कर्र.”

भरतेशनं माझ्याकडं बघितलं. मी बरणी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं तुकडा काढला, जरा मोठाच काढला, कानाशी धरला आणि थांबला. मी बघत होतो, तीनला त्याचा हात हलायला लागला. सहाला ओठ हलले. दहापर्यंत पोचला. मोडला. त्याच्या शर्टभर पदर उडाले आणि चैतू खांदे वर करून हसली.

आता ती अकरा वर्षांची आहे. थोडं बोलते, बरंचसं टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगते. खाण्याच्या गोष्टी चारावरनं नऊवर गेल्यात. खारीला अजून कर्रच म्हणते आणि आता आम्हीही तेच म्हणतो, बेकरीतली पोरंसुद्धा. रोज चारला मी दारात येऊन समोर हाक देतो, “भरतेश, एक देतोय रे,” आणि तो पाइप मोजता मोजता हात वर करतो. लोकांना वाटतं आमचं काही धंद्याचं असेल.

त्या बुधवारी शर्टावरचे पदर झटकत तो उठला, चैतूला उचललं आणि उंबऱ्यावर थांबून वाट बघत राहिला. मला कळलं कशाची.

“तुला सांगितल्याशिवाय तिच्या हातावर कणसुद्धा ठेवणार नाही,” मी म्हटलं. “आणि तू चुकतोयस असं वाटलं, तर त्याच दिवशी रस्ता ओलांडून येईन आणि तुझ्या तोंडावर सांगेन.”